गप्प बसण्याचा अभ्यासक्रम

डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात आजवर एकाही पेशंटचं पहिलं वाक्य पूर्ण होऊ दिलं नव्हतं, आणि त्याबद्दल एकाही पेशंटची तक्रार नव्हती. पेशंट दारातून खुर्चीपर्यंत पोचायच्या आत डॉक्टर डाफरायला लागत. "खोकला ना? बाहेरूनच ऐकला मी. फ्रिजमधलं पाणी प्यालात. प्यालात की नाही? नाही म्हणू नका, चेहऱ्यावर दिसतंय. जीभ काढा. घ्या आत. ही गोळी सकाळ-संध्याकाळ. आणि पुन्हा थंड पाणी प्यालात तर माझ्याकडे येऊ नका, त्या फ्रिजलाच औषध विचारा." पेशंट "पण डॉक्टर..." एवढंच म्हणे आणि समाधानाने बाहेर पडे. निम्मा खोकला तिथेच गेलेला असे.

कारण डॉक्टर ओरडले म्हणजे काळजीचं काही नाही, हे सगळ्या वस्तीला पाठ होतं. खरोखर गंभीर काही असलं की ते गप्प होत, चष्मा काढून पुसत आणि हळू आवाजात "बसा जरा" म्हणत. ते "बसा जरा" वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये, असं लोक म्हणत.

सगळ्यात जास्त ओरडा मास्तर खायचे. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या शर्टातले, दर आठवड्याला न चुकता येणारे. तक्रार एकच, गॅस. "मास्तर! पुन्हा तळलेलं खाल्लंत? जन्मभर पोरांना शिस्त लावलीत, स्वतःच्या जिभेला लावता येत नाही?" मास्तर मान खाली घालून सगळं ऐकून घेत, गोळ्या खिशात टाकत आणि परीक्षेत पास झाल्यासारखे बाहेर पडत.

असा सगळा सुरळीत कारभार चाललेला असताना डॉक्टरांच्या नोंदणीचं नूतनीकरण आलं.

डॉक्टरी हा असा धंदा आहे की माणूस पिकला तरी त्याचं शिक्षण संपत नाही, म्हणजे कायदा ते संपू देत नाही. दर काही वर्षांनी शिक्षणाचे गुण जमवून वैद्यक परिषदेला दाखवावे लागतात, नाहीतर पाटी उतरवावी लागते. आजवर ही सोय फार सुखाची होती. एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये व्याख्यान असायचं. सही करायची, शेवटच्या रांगेतली, खांबामागची खुर्ची धरायची आणि जेवणाच्या वेळी जागं व्हायचं. मधुमेहावरची झाडून सगळी व्याख्यानं डॉक्टरांनी अशी ऐकली होती. झोपेत ऐकलेलं माणूस कधी विसरत नाही, असं त्यांचं मत होतं. यंदा मात्र परिषदेने नियम बदलला. सह्या बंद. कामात काय फरक पडला ते दाखवा, मगच गुण.

दवाखान्याला लागून औषधांचं दुकान होतं. त्याचे मालक, ज्यांना सगळे केमिस्टशेठ म्हणत, विचारायच्या आधी सल्ला देणाऱ्यांपैकी होते. "सोपं आहे डॉक्टर. अख्ख्या दवाखान्याचं प्रशिक्षण घ्या. स्टाफसकट केलं की लागतात तेवढे गुण एका फटक्यात. आणि विषय कुठला, तर रुग्णसंवाद! बोलायचंच तर आहे."

"बोलण्यात मला कोण शिकवणार?" डॉक्टर म्हणाले. माणसाने काही वाक्यं तोंडातून काढू नयेत, त्यातलं हे एक.

दुपारी दवाखाना बंद करून तिघं कॉम्प्युटरसमोर बसली. डॉक्टर, काउंटरवरच्या बाई आणि सिस्टर. त्या यंत्राला डोळा होता, आणि तो डॉक्टरांवर होता. दुसऱ्या धड्याला सवयीप्रमाणे डॉक्टरांची मान कलली, तशी पडद्यावर पाटी आली, "आपण अजून तिथे आहात का?" दचकून जागे होऊन डॉक्टर "हो हो" म्हणाले, पण यंत्राला तोंडी उत्तर चालत नव्हतं. त्याने तिघांनाही पहिल्या धड्यावर नेऊन बसवलं. असं इतक्या वेळा झालं की शेवटी सिस्टर एका हाताने डॉक्टरांची हनुवटी धरून बसल्या. ज्या माणसासमोर वस्ती चळाचळा कापते, त्याची ही अवस्था.

धड्यात एक आदर्श डॉक्टर होता. कोट कडक, मागे खिडकी, खिडकीत कुंडी, समोर एकच पेशंट आणि दार वाजवणारं कोणी नाही.

"याचा दवाखाना चालत नसणार," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "बाहेर कोणी खोकत पण नाहीये."

तो आदर्श डॉक्टर काहीच करत नव्हता. पेशंट बोलत होता आणि हा मान हलवत होता. धड्याचं सार तेवढंच होतं. रुग्ण बोलत असताना बोलू नका. तो थांबला तरी बोलू नका. शांततेला तिचं काम करू द्या. अगदीच बोलावं लागलं, तर "तुमच्या भावना मी समजू शकतो" एवढंच म्हणा. दोष देऊ नका, आवाज चढवू नका. बाईंसाठी नियम असा की पेशंटचं नाव किंवा आजार चारचौघांत पुकारायचा नाही, आणि सिस्टरसाठी असा की सुई टोचण्याआधी सगळं समजावून परवानगी घ्यायची. हे महिनाभर दवाखान्यात करून दाखवायचं, मग पेशंटांचा अभिप्राय घ्यायचा, मग गुण.

"महिनाभर गप्प बसायचं एवढंच ना?" डॉक्टर म्हणाले. "बसतो."

पहिल्याच दिवशी शिंपी आला. घसा बसला होता. तो दारातच जीभ बाहेर काढून उभा राहिला, कारण पुढचं त्याला पाठ होतं. डॉक्टरांनी हाताने बसायची खूण केली आणि चेहरा शक्य तितका कनवाळू केला.

"घसा दुखतोय," शिंपी म्हणाला.

डॉक्टरांनी मान हलवली.

"थंड पाणी प्यालो." शिंप्याने आपणहून कबुली दिली. डॉक्टरांनी पुन्हा मान हलवली. शिंप्याच्या कपाळावर घाम आला. "म्हणजे... साधं नाही का हे?"

शांतता तिचं काम करत होती. डॉक्टरांना घसा साधा आहे हे स्वच्छ दिसत होतं, सांगायला जीभही वळवळत होती, पण नियम तो नियम. एवढ्यात घामाने चष्मा निसटला म्हणून त्यांनी तो काढून पुसला. ते पाहून शिंप्याचा रंगच उडाला.

"तुमच्या भावना मी समजू शकतो," डॉक्टर म्हणाले.

शिंपी भिंतीला धरून बाहेर गेला. संध्याकाळी त्याची बायको, मेव्हणा आणि म्हातारी आई अशी तिघं रडत आली आणि किती दिवस उरलेत ते स्पष्ट सांगा म्हणाली. डॉक्टरांनी त्यांचंही बोलणं न तोडता ऐकून घेतलं, त्यामुळे रडं आणखी वाढलं.

बाहेरही काही बरं चाललं नव्हतं. बाई पूर्वी "मूळव्याधवाले, चला आत!" अशी हाळी देत, तेव्हा कोणी मान वर करून बघत नसे. आता त्या कुजबुजू लागल्या, तर कोणाला काय झालंय ते ऐकायला अख्खा हॉल श्वास रोखून पुढे झुकू लागला. सिस्टरनी एका धिप्पाड ट्रक ड्रायव्हरला "मी आता सुई टोचणार आहे, दुखेल, थोडं रक्तही येईल, तुमची परवानगी आहे का?" असं विचारलं. तो "नाही" म्हणाला आणि निघून गेला. इतकी वर्षं लोकांना हा पर्याय आहे हेच माहीत नव्हतं.

आठवड्याभरात वस्तीत दोन मतं झाली. काहींचं म्हणणं, काहीतरी भयंकर साथ आलीय आणि डॉक्टर घाबरवायचं नाही म्हणून बोलत नाहीत. काहींचं म्हणणं, डॉक्टरांच्याच अंगावरून वारं गेलंय, वाचा गेली बिचाऱ्यांची. दुसऱ्या मताची मंडळी फळं घेऊन घरी येऊ लागली.

डॉक्टरांच्या बायकोने पहिला दिवस मजेत घेतला. आपलं पूर्ण वाक्य ऐकून घेणारा नवरा तिला लग्नानंतर पहिल्यांदाच दिसत होता. दुसऱ्या दिवशी तिने डोळे बारीक केले. तिसऱ्या दिवशी ताट समोर ठेवून म्हणाली, "हे बघा, माझ्याशी हे असलं करायचं नाही. मी पेशंट नाही. काय लपवताय?"

डॉक्टरांनी मान हलवली.

"मान काय हलवताय? मीठ कमी आहे भाजीत. म्हणा की मीठ कमी आहे!"

"तुझ्या भावना..." डॉक्टर म्हणाले, आणि उरलेलं जेवण दोघांनी न बोलता केलं.

मास्तरही आले होते, दर आठवड्याला. "गॅस," असं म्हणून ते मान खाली घालून उभे राहायचे. डॉक्टर मान हलवायचे. मास्तर थोडा वेळ थांबायचे, मग वर बघायचे, मग गोळ्या घेऊन जायचे. जाताना त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. डॉक्टरांना वाटलं, गॅस वाढला असेल.

महिना संपला आणि पेशंटांचा अभिप्राय घेतला. प्रश्न सोपा होता, इथल्या उपचारांनी कसं वाटतंय. पण पेशंट म्हणजे पेशंट. बरं वाटतंय असं लिहून दिलं तर डॉक्टर औषध बंद करतील, या धास्तीने झाडून सगळ्यांनी "फार वाईट" वर खूण केली. शिंप्याने खाली स्वतःच्या हाताने "देवाची मर्जी" असंही लिहिलं. हे सगळं परिषदेच्या यंत्रात गेलं. एवढी एकमुखी नापसंती त्या यंत्राने बहुधा जन्मात पाहिली नसावी. दुसऱ्याच दिवशी फोनवर निरोप आला. परिषदेचा निरीक्षक येऊन एक तपासणी समक्ष बघेल. ती नीट झाली तर नोंदणी पुढे चालू, नाहीतर संपूर्ण प्रशिक्षण पुन्हा, आणि तिथेही घसरलात तर पाटी खाली.

आता मात्र डॉक्टर हादरले. या दवाखान्याखेरीज त्यांना काही येत नव्हतं. घरी बसून राहिलो तर बायको कुठल्या खिडकीतून ढकलून देईल, याचाही विचार त्यांनी करून ठेवला.

"घाबरता काय?" केमिस्टशेठ म्हणाले. "मी होतो पेशंट. डोकं दुखतंय म्हणतो, चार वाक्यं बोलतो, तुम्ही मान हलवा, मी आभार मानतो. निरीक्षक खूश. तुम्ही फक्त पुढचा पेशंट पाठवा म्हणा, मी पहिल्या खुर्चीत असेन."

ठरल्या दिवशी निरीक्षकबाई आल्या. सौम्य, नीटनेटक्या, हातात टॅबलेट. चहा नको म्हणाल्या, त्याने मत बदलू शकतं. डोळे तपासायच्या तक्त्याखाली स्टुलावर बसल्या आणि "चालू द्या" म्हणाल्या. डॉक्टरांनी बेल वाजवली. बाहेर केमिस्टशेठ गळ्याला मफलर गुंडाळून कण्हत होते. काउंटरवरच्या बाईंनी, निरीक्षण चालू आहे म्हणून, जास्तच नियमाने आणि जास्तच हळू कुजबुजून सांगितलं, "पुढचे."

स्वतःच्या कण्हण्यात केमिस्टशेठना ते ऐकूच गेलं नाही. पण ज्याने जन्मभर शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडली, त्याला गेलं. मास्तर उठले आणि आत आले.

"गॅस," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली. कोपऱ्यात टॅबलेटवर काहीतरी टिपलं गेलं.

मास्तर थांबले. "तळलेलं नाही खाल्लं," ते म्हणाले. उत्तर नाही. "म्हणजे, खाल्लं असेल थोडंसं." उत्तर नाही. मास्तरांनी खुर्चीची पाठ धरली आणि मग एकदम बसलेच. "डॉक्टर, माझं काही चुकलं का? बोलत नाही तुम्ही माझ्याशी."

डॉक्टरांनी नियम आठवला. त्यांनी मान हलवली.

"पोटात काही नाही हो माझ्या," मास्तर म्हणाले. "कधी नव्हतंच. गोळ्या सगळ्या ड्रॉवरमध्ये पडल्यात. ही विसरायला लागलीय. आधी नळ बंद करायचं विसरायची, मग शेजाऱ्यांची नावं. आता मला. सकाळी चहा नेऊन दिला की म्हणते, 'आपण कोण? बसा ना, हे येतीलच एवढ्यात.' फार अदबीने वागवते, पाहुण्याला वागवावं तसं." ते हसल्यासारखं करून थांबले. कोणी बोललं नाही, म्हणून पुढे बोलत राहिले. "जन्मभर मला रागावली हो ती. टॉवेल कुठे टाकला, चष्मा कुठे ठेवला. वैतागायचो मी. आता एका शब्दाने रागावत नाही. तुम्ही रागवायचात. 'मास्तर, पुन्हा तळलेलं खाल्लंत!' बाहेर पडलो की वाटायचं, चला, अजून एक जण तरी आपल्याला ओळखून आहे. त्यासाठी येतो मी. आता तुम्हीही मान हलवता. अदबीने."

निरीक्षकबाईंचा हात थांबला होता.

शांततेने तिचं काम केलं होतं, हे डॉक्टरांना मान्य करावं लागलं. इतकी वर्षं हा माणूस दर आठवड्याला समोर येऊन उभा राहिला आणि आपण त्याला दुसरा शब्द बोलू दिला नाही, याची त्यांना लाज वाटली. अभ्यासक्रमाप्रमाणे आता फारसं काही उरलं नव्हतं. मान हलवायची, भावना समजू शकतो म्हणायचं, पास. तेवढ्याच वाक्यासाठी त्यांनी तोंड उघडलं.

"मास्तर!" डॉक्टर गरजले. डोळ्यांचा तक्ता हलला. "किती दिवस चाललंय हे? आणि मला आज सांगताय? शाळेत पोराने असं केलं असतं तर बाकावर उभं केलं असतंत त्याला! गोळ्या ड्रॉवरमध्ये टाकता? ड्रॉवरला गॅस झालाय का? उद्या दुपारी मी घरी येतोय, वहिनींना बघायला. घरी नसलात तर याद राखा! एकट्याने सांभाळताय, शर्टला इस्त्री करताय आणि वर मला गॅस सांगताय! आणि खरं सांगा, तळलेलं खाल्लंत की नाही?"

"खाल्लं," मास्तर म्हणाले. त्यांच्या घरात कित्येक दिवसांत काही तळलं गेलं नव्हतं. पण मान खाली घालून त्यांनी ते कबूल केलं, आणि त्यांचे खांदे हळूहळू जागेवर आले. डोळे पुसून ते उठले. "पण डॉक्टर..."

"जा आता! पुढचा!"

बाहेर हॉलमध्ये एकच गलका उठला. "आवाज आला! डॉक्टर ओरडले!" शिंपी उभा राहून शेजाऱ्याच्या गळ्यात पडला. आपण जगणार हे त्याला त्या क्षणी कळलं. पुन्हा आलेल्या ट्रक ड्रायव्हरने मात्र, आता परवानगी कोणी विचारणार नाही हे ओळखून, दाराकडे बघितलं.

आत निरीक्षकबाईंनी टॅबलेट मिटला. "ऐकणं फार छान चाललं होतं, डॉक्टर. पण शेवटी तुम्ही आवाज चढवलात. रुग्णाला दोष दिलात. त्यांचं शेवटचं वाक्य तोडलंत."

डॉक्टर समजावू लागले. तो ओरडा नव्हता, म्हणजे होता, पण औषध म्हणून होता, तो माणूस त्यासाठीच येतो, तुम्ही स्वतः ऐकलंत. निरीक्षकबाईंनी त्यांना एकदाही मध्ये तोडलं नाही. अधूनमधून मान हलवली. डॉक्टर बोलून बोलून थकले आणि थांबले, तरी त्या काही वेळ थांबल्या.

"तुमच्या भावना मी समजू शकते," त्या म्हणाल्या. आणि अनुत्तीर्ण असं लिहून निघून गेल्या.

म्हणजे पुन्हा पहिला धडा. पुन्हा तो कुंडीवाला डॉक्टर, पुन्हा सिस्टरचा हात हनुवटीखाली, पुन्हा महिनाभर गप्प बसणं आणि पुन्हा सगळ्यांचं "फार वाईट". केमिस्टशेठ मफलर सोडत आत आले आणि म्हणाले, "त्यापेक्षा आहारावरचा कोर्स घ्यायला हवा होता तुम्ही." डॉक्टरांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. घरी जाताना त्यांनी दारावरच्या पाटीकडेही बघितलं. तिचे स्क्रू जुनेच होते, पण आज ते जास्त सैल वाटले.

घरी येऊन ते बूट न काढता खुर्चीत बसले. बायको स्वयंपाकघरात होती, तिने वळूनही पाहिलं नाही. बायकोला सगळं पहिल्यापासून सांगावं म्हणून डॉक्टरांनी तोंड उघडलं.

"ओरडलात ना कोणावर तरी?" आतून आवाज आला. "मला माहीतच होतं. मास्तरांवर असणार, दुसऱ्या कोणावर तुम्ही इतकं मनापासून ओरडत नाही. नापास झालात. होऊ दे. पुन्हा बसा परीक्षेला. आणि बूट काढा आधी, आत्ताच फरशी पुसलीय मी."

"पण अगं..." डॉक्टर म्हणाले.

एवढंच म्हणून ते थांबले. काहीही सांगितलेलं नसताना त्यांना बरंच बरं वाटत होतं. ते वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागले, आणि उद्या मास्तरांकडे जाऊन काय बघायचंय ते आठवून त्यांचा हात मध्येच राहिला. त्यांना भीती वाटली. उघड, साधी भीती.

"ए," त्यांनी हाक मारली. "आणखी रागाव थोडी."

"काय?"

"काही नाही. माझा चष्मा कुठे आहे?"

"कपाळावर!" बायको कडाडली. "रोज रोज तेच! आयुष्य गेलं तुमचा चष्मा शोधण्यात!"

डॉक्टर खुर्चीत मागे टेकून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिले, मध्ये एकदाही न बोलता.